महागडं कार्ड लावलं, फ्रेम तेवढ्याच

२२ मार्च २०२४ रोजी कॅपकॉम या जपानी कंपनीचा ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’ हा गेम आला आणि पीसीवर खेळणारे पहिल्याच दिवशी वैतागले. रानात, डोंगरात गेम मस्त पळायचा, पण व्हर्नवर्थ शहराच्या वेशीतून आत गेलं की एफपीएस, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या फ्रेम (चित्रं), धाडकन खाली यायचे. ज्यांच्याकडे त्या वेळचं सर्वांत ताकदवान घरगुती ग्राफिक्स कार्ड, म्हणजे आरटीएक्स ४०९०, होतं त्यांचीही यातून सुटका नव्हती. लोकांनी रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची (पिक्सेलची) संख्या, उतरवलं, सावल्या घटवल्या, सगळी सेटिंग्ज तळाला नेली, तरी शहरातला आकडा फारसा हलेना. कंपनीने खुलासा केला की गेममधल्या प्रत्येक पात्रामागे प्रोसेसरला बरंच काम करावं लागतं. मग काही बहाद्दरांनी गर्दी घटली की एफपीएस वाढतात का हे बघायला तलवार उपसून नागरिकांनाच कापायला सुरुवात केली. उपाय क्रूर होता, पण तर्क अगदी बरोबर होता.

गेम अडखळला की आपल्याकडे पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर जातो. पण एक फ्रेम तयार होते ती दोन यंत्रांच्या कामातून, आणि त्यांची कामं मुळातच वेगळी आहेत. तुम्ही कोणती कळ दाबली, शत्रू कुठे पळाला, दगड कुठे आदळला, कोणाचा हात किती वळला, कॅमेऱ्याच्या टप्प्यात काय काय येतं, हे सगळं प्रोसेसर ठरवतो. मग तो कार्डाला हुकूम सोडतो: ही भिंत काढ, हे झाड काढ, यावर असा प्रकाश टाक. या हुकमांना ड्रॉ कॉल म्हणतात आणि मोठ्या गेममध्ये एका फ्रेममागे ते हजारोंनी असतात. कार्डाचं काम त्यानंतरचं, पिक्सेल रंगवण्याचं. १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, फोरकेवर सुमारे ८३ लाख, म्हणजे बरोबर चौपट. एक पिक्सेल रंगवताना शेजारच्याची वाट सहसा पाहावी लागत नाही, म्हणून ४०९० मध्ये १६,३८४ छोटे छोटे कोअर (हिशेब करणारे भाग) एकदम कामाला लागू शकतात. प्रोसेसरचं तसं नाही. आधी दगड कुठे पडला ते कळलं पाहिजे, मग तो कोणाला लागला ते, मग तो माणूस मेला की वाचला ते.

हे सगळं उरकायला वेळ किती? सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येकीला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हव्या असतील तर ६.९ आणि २४० हव्या असतील तर जेमतेम ४.२.

दोघं एकाच वेळी राबत असतात. कार्ड दहावी फ्रेम रंगवत असतं तेव्हा प्रोसेसर अकरावीच्या तयारीला लागलेला असतो. त्यामुळे दोघांच्या वेळेची बेरीज करायची नसते, ज्याला जास्त वेळ लागतो त्याचाच धरायचा असतो. घरात एक जण पोळ्या लाटतोय आणि दुसरा भाजतोय, तर डब्यात मिनिटाला किती पोळ्या पडतील हे दोघांतला संथ माणूस ठरवतो. लाटणाऱ्याचाच हात चालत नसेल तर नवा तवा आणून काय होणार?

समजण्यापुरते आकडे घेऊ. एका गेममध्ये प्रोसेसरला फ्रेममागे ८ मिलिसेकंद लागतात. कार्डाला १०८०पीला ६, १४४०पीला १० आणि फोरकेला २० लागतात. म्हणजे १०८०पीला १२५ एफपीएस, १४४०पीला १०० आणि फोरकेला ५०. आता खिसा रिकामा करून दुप्पट वेगाचं कार्ड आणलं. फोरकेला ५०चे थेट १०० झाले. १४४०पीला १००चे १२५ झाले. आणि १०८०पीला? १२५ होते, १२५च राहिले. कार्ड ३ मिलिसेकंदांत मोकळं होऊन पुढच्या हुकमाची वाट बघत बसलं. पीसी तोच, गेम तोच, फक्त मॉनिटर बदलला की पैसे सार्थकी लागले की पाण्यात गेले याचं उत्तर उलटं होतं.

म्हणूनच इंटरनेटवरच्या ‘बॉटलनेक कॅल्क्युलेटर’वर माझा काडीचा विश्वास नाही. प्रोसेसरचं नाव टाका, कार्डाचं नाव टाका, जोडी किती टक्के विजोड ते सांगतो म्हणे. अडथळा जोडीच्या कपाळावर कोरलेला नसतो. तो गेमप्रमाणे बदलतो, रिझोल्यूशनप्रमाणे बदलतो आणि ‘ड्रॅगन्स डॉग्मा’सारखा रानातून शहरात जातानाही बदलतो. एवढं मात्र खरं की प्रोसेसरची कमाल मर्यादा रिझोल्यूशनने फारशी हलत नाही, कार्डाची मात्र चांगलीच सरकते. प्रोसेसरची परीक्षा घेणारे समीक्षक सर्वांत महागडं कार्ड लावून १०८०पीवर चाचणी करतात त्याचं कारण हेच. ‘असलं कार्ड घेऊन १०८०पीवर कोण खेळतं?’ असं खाली कोणीतरी विचारतंच. कोणी खेळत नसेल, पण कार्डाला वाटेतून बाजूला केल्याशिवाय प्रोसेसरचा दम दिसत नाही.

हीच युक्ती घरी वापरता येते. गेममधल्या नेहमीच्या अवघड जागी उभं राहायचं, रिझोल्यूशन एक-दोन पायऱ्या खाली न्यायचं आणि बघायचं. एफपीएस चांगले वाढले तर कार्ड अपुरं पडत होतं. जागचे हलले नाहीत तर प्रोसेसर. मात्र त्याआधी व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) आणि एफपीएसवरची मर्यादा बंद केलेली असावी, नाहीतर तुम्ही स्वतःच घातलेल्या कुंपणाला मोजत बसाल.

बरेच जण हे न करता टास्क मॅनेजर उघडतात. प्रोसेसर ३५ टक्के दिसतो, की झाला निकाल: ‘प्रोसेसर तर निवांत आहे!’ हा आकडा फसवा आहे. आठ कोअर आणि सोळा थ्रेडच्या (एकाच वेळी चालू शकणाऱ्या कामाच्या सोळा ओळींच्या) प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरून वाहत असला तरी एकूण वापरात तो सव्वासहा टक्केच दिसतो. आणि गेमचं मुख्य काम बहुतेक वेळा एका मुख्य थ्रेडवरच तोललेलं असतं. कामाचा जो भाग वाटून घेता येत नाही तोच शेवटी वेगाची सीमा ठरवतो, हे संगणकतज्ज्ञ जीन आम्डाल यांनी १९६७ सालीच मांडलं होतं. बघायचाच तर कार्डाचा वापर बघा. तो ९५ टक्क्यांच्या वर टिकून असेल तर कार्ड पुरतं जुंपलेलं आहे. ६०-७० वर रेंगाळत असेल तर त्याला काम पुरवणारा मागे पडतोय.

ही अडचण गेम बनवणाऱ्यांना ठाऊक नाही असं नाही. गेमचे हुकूम कार्डापर्यंत नेणाऱ्या विंडोजच्या डायरेक्टएक्स ११ मध्ये ड्रॉ कॉल पाठवण्याचा बहुतेक भार एकाच थ्रेडवर पडायचा. चिप बनवणाऱ्या एएमडीने २०१३ मध्ये त्याच कामासाठी मँटल आणलं, २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर डायरेक्टएक्स १२ आलं, २०१६ मध्ये वल्कन. हुकूम पाठवण्याचं काम आता अनेक कोअरमध्ये वाटता येतं. पण पात्रांची आणि जगाची हालचाल ठरवणारं मूळ काम तेवढं सहज वाटता येत नाही ते नाहीच.

मग प्रोसेसर गेममध्ये वेगवान ठरतो तो कशाने? बहुतेकांचं उत्तर गिगाहर्ट्झ किंवा कोअरची संख्या असं असतं. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन ७ ५८००एक्सथ्रीडी या प्रोसेसरने ही दोन्ही उत्तरं बाजूला सारली. त्याचा थोरला भाऊ ५८००एक्स. दोघांचे कोअर आठच. थोरल्याचा कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ, याचा ४.५. व्हिडिओ रेंडर करणं, फाइली दाबून लहान करणं अशा कामांत धाकटा थोडा मागेच पडला. गेममध्ये मात्र त्याने थोरल्याला सहज मागे टाकलं आणि त्या वेळच्या सर्वांत महागड्या प्रोसेसरांच्या पंगतीत जाऊन बसला. फरक एवढाच होता की एएमडीने मूळ चिपच्या डोक्यावर ६४ एमबी कॅशचा (प्रोसेसरमधल्या अतिवेगवान मेमरीचा) आणखी एक थर चढवला होता. ३२ एमबीची एल३ कॅश ९६ एमबी झाली.

एवढ्याशा मेमरीने असं काय झालं? ४.५ गिगाहर्ट्झवर प्रोसेसरचा एक ठोका नॅनोसेकंदाच्या साधारण पाव भागापेक्षाही कमी वेळात पडतो. हवी ती माहिती एल३ कॅशमध्ये सापडली तर पन्नासेक ठोक्यांत हाती येते. तिथे नसेल तर रॅमपर्यंत जावं लागतं आणि त्यात ७०-८० नॅनोसेकंद, म्हणजे तीनशेहून जास्त ठोके जातात. व्हिडिओ एडिटिंगमध्ये डेटा ओळीने येतो, त्यामुळे पुढचं काय लागेल याचा अंदाज प्रोसेसर बांधतो आणि आधीच मागवून ठेवतो. गेमचा डेटा विखुरलेला असतो. या पात्राची नोंद इथे, त्याच्या शस्त्राची तिथे, तो ज्या जमिनीवर उभा आहे तिची तिसरीकडेच, आणि पुढे कोणाची गरज पडेल हे खेळणाऱ्याच्या लहरीवर. अंदाज चुकतात आणि प्रोसेसर हात बांधून उभा राहतो. कॅश मोठी असली की हे हेलपाटे वाचतात. ज्या गेमचा डेटा आधीच ३२ एमबीत मावत होता त्यांना अर्थातच या थराचा फारसा उपयोग झाला नाही.

रॅमचंही यातच आलं. कित्येक लॅपटॉप आणि स्वस्तातले असेंबल्ड पीसी रॅमची एकच स्टिक लावून विकले जातात. १६ जीबीची एक लावण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन लावल्या तर डेटाच्या वाटा दुप्पट होतात. प्रोसेसर रॅमसाठी ताटकळत असेल तर एवढ्यानेही फरक पडतो.

कार्ड निवडताना सहसा कोणी न मोजणारी आणखी एक गोष्ट म्हणजे ड्रायव्हर, कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. कार्डाचा ड्रायव्हर कार्डावर चालत नाही, तो प्रोसेसरवर चालतो, म्हणजे प्रत्येक कार्ड प्रोसेसरच्या डोक्यावर आपला थोडा बोजा टाकतंच. डिसेंबर २०२४ मध्ये इंटेलने आर्क बी५८० हे कार्ड काढलं. किंमत २४९ डॉलर, मेमरी १२ जीबी. कौतुकाचा वर्षाव झाला. पण बहुतेक समीक्षकांनी ते ९८००एक्सथ्रीडीसारख्या अव्वल प्रोसेसरबरोबर तपासलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये काहींनी तेच कार्ड रायझन ५ ५६०० आणि त्याहून जुन्या प्रोसेसरांवर लावलं आणि काही गेममध्ये त्याचा वेग इतका घसरला की ज्या आरटीएक्स ४०६०शी ते बरोबरी करत होतं, त्याच्या ते स्पष्ट मागे गेलं. इंटेलचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून जास्त काम करून घेत होता. आता गंमत बघा: स्वस्त कार्ड कोण घेतो? ज्याच्याकडे जुना प्रोसेसर आहे तोच.

कार्डाचा भार हलका करायला हल्ली डीएलएसएससारखी तंत्रं आहेत. फोरकेवर डीएलएसएसचा ‘परफॉर्मन्स’ पर्याय निवडला तर कार्ड आतल्या आत चित्र १०८०पीलाच काढतं आणि मग ते मोठं करतं. छानच, पण याचा अर्थ वरच्या हिशेबात तुम्ही पुन्हा १०८०पीच्या रांगेत येऊन बसलात, जिथे प्रोसेसर हद्द ठरवतो. फोरके मॉनिटर आहे म्हणून प्रोसेसर कसाही चालेल, हा जुना सल्ला त्यामुळे आता जपून घ्यावा. रे ट्रेसिंगचंही, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवण्याचंही, तसंच. किरणांचा हिशेब कार्ड करतं, पण दृश्यातल्या हलत्या वस्तूंची मांडणी त्या हिशेबासाठी सतत ताजी ठेवायची असते आणि तिचा भार प्रोसेसरवरही येतो.

२०२२ मध्ये आलेल्या फ्रेम जनरेशनने यातून पळवाट काढली. दोन खऱ्या फ्रेमच्या मधली फ्रेम कार्ड स्वतःच बेतून टाकतं, प्रोसेसरला विचारतही नाही. कोपऱ्यातला आकडा फुगतो, हालचाल मऊ दिसते. पण बेतलेल्या फ्रेममध्ये तुमच्या माउसच्या नव्या हालचालीची दखल नसते, त्यामुळे ४० एफपीएसवर जड वाटणारा गेम ८० दाखवला तरी हाताला जडच लागतो.

आकड्यांच्या या मोहावर २०११ मध्ये समीक्षक स्कॉट वॉसन यांनी ‘द टेक रिपोर्ट’ या वेबसाइटवर पहिला मोठा घाव घातला. सरासरी एफपीएस सोडा, एकेका फ्रेमला लागलेला वेळ मोजा, असं त्यांचं म्हणणं होतं. एका सेकंदात ५९ फ्रेम झरझर आल्या आणि एकीने शंभर मिलिसेकंद घेतले, तर सरासरी साठ दिसते पण डोळ्याला झटका बसतो. हल्ली चाचण्यांमध्ये ‘१ टक्का लो’ (सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा वेग) हा आकडा दिसतो तो याच विचारातून आला, आणि अपुरा प्रोसेसर बरेचदा आधी तिथेच उघडा पडतो.

उलट टोकाचीही एक खोच आहे. कार्ड अपुरं पडत असेल तर प्रोसेसर पुढच्या फ्रेम तयार करून रांगेत लावतो. लाटलेल्या पोळ्यांचा ढीग तव्याशेजारी साचावा तसं. मग पडद्यावर येणारी फ्रेम तुम्ही थोडं आधी केलेल्या क्लिकची असते. नेमबाजीच्या गेममध्ये म्हणूनच जाणकार एफपीएसवर मुद्दाम मर्यादा घालतात, कार्डाला थोडी उसंत राहील अशी. आरटीएक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाचं २०२० मधलं रिफ्लेक्स तंत्र ही रांगच आखडती ठेवतं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पीसी जुळवायला जाल किंवा ऑनलाइन मागवाल, ‘आय७ आहे साहेब’ एवढ्यावर भुलू नका. इंटेलचा २०२२ मधला चार कोअरचा आय३-१२१०० हा २०१७च्या आय७-७७००केला गेममध्ये मागे टाकतो. नावापेक्षा पिढी बघावी, आणि त्याआधी घरचा मॉनिटर बघावा: ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलणारा, असेल तर १४० एफपीएस देणारी जोडी त्यावर पूर्ण दिसणारच नाही. आणि एएमडीच्या जुन्या एएम४ मदरबोर्डाचा पीसी घरात असेल तर तो भंगारात काढण्याआधी बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर बायोसचं (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरचं) नवं व्हर्जन आहे का ते तपासा. २०१७ मधल्या कित्येक बोर्डांवरही ५८००एक्सथ्रीडी चालतो.