अमेरिकेत कोर्टाच्या आवारात अटक होत नाही? होते!

‘अमेरिकेत कोर्टाच्या आवारात इमिग्रेशनवाले कुणाला हात लावू शकत नाहीत, कायदाच आहे तसा’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. कृपया त्यावर विसंबू नका. असा देशव्यापी कायदा नाही.

आहेत ते काही राज्यांचे; त्यातला एक न्यूयॉर्क राज्याचा, डिसेंबर 2020 चा. त्याचं संरक्षण राज्याच्या आणि स्थानिक कोर्टांपुरतं. तिथेही न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट असेल तर अटक होते. आयसीईकडे (इमिग्रेशनच्या अटका करणारं केंद्राचं खातं) बहुधा असतं ते आय-200 नावाचं प्रशासकीय वॉरंट, आणि त्यावर सही त्यांच्याच खात्यातल्या अधिकाऱ्याची; ती इथे चालत नाही. मॅनहॅटनमधल्या 26 फेडरल प्लाझासारख्या इमिग्रेशन कोर्टाला मात्र हा कायदा लागूच नाही, कारण ते कोर्ट केंद्राच्या न्याय खात्याचं. 2025 मध्ये सुनावणी आटोपून बाहेर पडणाऱ्यांना तिथल्या कॉरिडॉरमध्येच पकडलं गेलं.

मॅसॅच्युसेट्स राज्यात कोर्टातल्या अशा अटकांवर 2019 साली मनाई हुकूम मिळाला होता. तो 2020 मध्ये अपील कोर्टाने रद्द केला. तेव्हा कुणी जुन्या निकालाची बातमी दाखवून धीर देत असेल, तर आधी ती कधीची आहे ते बघा.

भीतीपोटी सुनावणी चुकवणं तर त्याहून घातक. गैरहजेरीत थेट हद्दपारीचा आदेश निघू शकतो. आधी वकिलाला फोन करा, व्हिडिओवरून हजर राहण्यासाठी अर्ज करता येईल का ते विचारा.