पायोनियर पूर्वज सापडतो तो जमिनीच्या कागदांत

एकोणिसाव्या शतकात बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर पश्चिमेकडे निघालेला आपला मूळपुरुष कोण, कुठला, हे शोधणारे अमेरिकन बहुधा जनगणनेपासून सुरुवात करतात. १८५० च्या मागे गेलं की ही वाट अडते. त्याआधीच्या जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बायको, मुलं, म्हातारी आई हे सगळे वयोगटाच्या रकान्यातले आकडे. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय आणि जन्मस्थान लिहिलं जाऊ लागलं. गुलामांचे तक्ते वेगळे होते. त्यांत मालकाचं नाव असे, गुलामाचं जवळजवळ कधीच नसे. पुढे १८८० मध्ये आईवडिलांच्या जन्मस्थानाचे रकाने आले, पण १८९० ची बहुतेक सगळी पानं १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीनंतर हातची गेली. मैदानी प्रदेशात भराभर वस्ती होत होती, तेव्हाचीच ही १८८० ते १९०० अशी वीस वर्षांची पोकळी.

म्हणून माझ्या मते खरी भिस्त जमिनीच्या कागदांवर ठेवावी. हे कागद तयार झाले ते सरकारी धोरणामुळे. मूळ रहिवाशांकडून करारांनी, युद्धांनी आणि कित्येकदा दिलेला शब्द मोडून घेतलेल्या जमिनीवर सरकारला नवी वस्ती हवी होती. २० मे १८६२ रोजी लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली. नाममात्र शुल्क भरून १६० एकरांवर हक्क सांगायचा, पाच वर्षं तिथे राहून जमीन कसायची, मग दोन साक्षीदार उभे करून मालकी पक्की करून घ्यायची. अविवाहित स्त्रियांनाही अर्ज करता येई आणि नागरिकत्वाचा इरादा जाहीर केलेल्या परदेशी माणसालाही. सुमारे सोळा लाख दावे अशा रीतीने मंजूर झाले.

त्या साक्षीपुराव्यांच्या फायली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. घर किती फूट लांब-रुंद, दारं-खिडक्या किती, विहीर आहे का, किती एकर नांगरली, काय पेरलं, हे सगळं त्यांत येतं. परदेशातून आलेला असेल तर नागरिकत्वाचे कागदही जोडलेले असतात. साक्षीदार बहुधा शेजारी असत, कधी सोयरेही. त्यांची नावं घेऊन पुढे गेलं की अख्खी वस्ती उलगडते.

पश्चिम किनाऱ्यावरच्या ओरेगनमध्ये जमीन देणारा कायदा याआधीच, १८५० मध्ये आला होता. सुरुवातीच्या रहिवाशांपैकी एकट्या पुरुषाला ३२० एकर, जोडप्याला ६४०, आणि त्यातली निम्मी पत्नीच्या स्वतःच्या नावावर. त्यासाठी लग्न कधी आणि कुठे झालं ते सांगावं लागे. एरवी या बायकांचं माहेर शोधणं महाकठीण. इथे निदान एक धागा हाताला लागतो.

हा शोध आज घरबसल्या घेता येतो, याचं मोठं श्रेय युटामधल्या मॉर्मन पंथाचं. १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरलेल्या या लोकांच्या श्रद्धेत पूर्वजांसाठी करायचे विधी महत्त्वाचे, म्हणून त्यांनी १८९४ मध्ये वंशावळीची संस्था काढली आणि १९३८ पासून जुनी दप्तरं मायक्रोफिल्मवर घ्यायला सुरुवात केली. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांपर्यंतही हे काम पोहोचलं आहे.

ज्यांना कायद्याने जमीनच नाकारली, त्यांचा माग मात्र तुटतो. जॉर्ज बुश यांचा टिकला तो अपवादाने. कृष्णवर्णीय वडिलांचा हा मुलगा १८४४ मध्ये मिसुरीहून पत्नी इझाबेला आणि मुलांसह निघाला. ओरेगनने त्याच वर्षी कृष्णवर्णीयांना वास्तव्यास बंदी केली होती, म्हणून कोलंबिया नदी ओलांडून ही मंडळी उत्तरेला गेली आणि १८४५ मध्ये आजच्या वॉशिंग्टन राज्यातल्या टमवॉटरला त्यांनी वस्ती केली. १८५० च्या कायद्यातही बुश बसत नव्हते. पण नव्या येणाऱ्यांना त्यांनी अडीअडचणीत धान्य पुरवलं होतं. शेजारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले, वॉशिंग्टन प्रदेशाच्या विधिमंडळाने काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, विनंती केली आणि १८५५ मध्ये खास कायदा करून ६४० एकरांचा त्यांचा हक्क मान्य झाला. बुश यांच्या जन्मसालाबद्दल आजही एकमत नाही, पण त्यांच्या शेताचा हक्क असा देशाच्या कायद्यांत नोंदला गेला. त्यांचा मुलगा विल्यम ओवेन बुश १८८९ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या पहिल्याच विधिमंडळात निवडून आला.