एकतीस डिसेंबरची रात्र आणि 'कोहाकु': जपानच्या वर्षअखेरच्या गाण्यांच्या कार्यक्रमाची उतरण

जपानमध्ये ३१ डिसेंबरला ओमिसोका म्हणतात. दिवसभरात घराची झाडलोट आटोपते, रात्री सोबा नावाच्या लांब शेवया खाल्ल्या जातात आणि मग अख्खं घर कोतात्सूत पाय घालून संत्री सोलत बसतं. कोतात्सू म्हणजे खाली हीटर आणि वरून रजई असलेलं बसकं टेबल. मध्यरात्रीच्या सुमारास देवळांतून १०८ घंटानाद सुरू होतात. जेवण आणि घंटा यांच्या मधल्या वेळात सत्तर वर्षं जपानी घरांत एकच कार्यक्रम लागत आला आहे: एनएचके या सार्वजनिक वाहिनीचा 'कोहाकु उता गास्सेन', म्हणजे लाल-पांढऱ्यांची गाण्यांची लढाई. गायिका लाल संघात, गायक पांढऱ्या संघात. बोलावणं आलं म्हणजे त्या वर्षी तुमचं गाणं देशानं ऐकलं, असा त्याचा मान.

१९६३ साली या कार्यक्रमाला टोकियोच्या आसपासच्या कान्तो भागात ८१.४ टक्के घरांचं प्रेक्षकमान मिळालं. हा आकडा तिथे पुन्हा कोणत्याच कार्यक्रमाला गाठता आलेला नाही. आता कार्यक्रम दोन भागांत होतो; २०२३ साली त्यातल्या मुख्य अशा दुसऱ्या भागाचं प्रेक्षकमान ३१.९ टक्क्यांवर आलं. उतरणीचं कारण विचारलं की बहुतेक जण मोबाइलकडे बोट दाखवतात. आकडे वर्षवार लावून पाहिले तर ते बोट चुकीच्या दिशेला आहे हे लगेच कळतं. १९८४ साली प्रेक्षकमान ७८.१ टक्के होतं, १९८९ साली ४७. पाच वर्षांत एकतीस टक्क्यांची घसरण, तीही घरोघरी इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधी. त्यानंतरच्या पस्तीस वर्षांत मिळून घसरण झाली ती चौदा-पंधरा टक्क्यांची. त्यामुळे 'कोहाकु'चा इतिहास पाहायचा तर त्या पाच वर्षांपाशी थांबावं लागतं, आणि त्यासाठी आधी मुळापासून यावं लागतं.

मूळ युद्धानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातलं आहे. ३१ डिसेंबर १९४५ला, देश बेचिराख आणि अमेरिकी फौजांच्या ताब्यात असताना, रेडिओवर गायक-गायिकांचा लाल-पांढरा सामना झाला. लाल-पांढऱ्याची वाटणी जपानी माणसाला नवी नव्हती. बाराव्या शतकात ताइरा आणि मिनामोतो घराणी लढली ती लाल आणि पांढऱ्या निशाणांखाली, आणि शाळेच्या क्रीडादिनाला आजही मुलं त्याच दोन रंगांच्या टोप्या घालून धावतात. मात्र नावात 'लढाई' हा शब्द ताबा घेतलेल्या अमेरिकी प्रशासनाला चालला नाही, म्हणून त्या रात्री 'सामना' म्हणावं लागलं. आजच्या नावानं पहिला कार्यक्रम ३ जानेवारी १९५१ला झाला. एक तास, दोन्हीकडे सात-सात गायक, तोही रेडिओवरच. पांढरे जिंकले आणि त्यांचे कप्तान होते फुजियामा इचिरो. पुढे त्यांचं नाव या कार्यक्रमाला कायमचं चिकटलं, कारण शेवटी सगळे मिळून निरोपाचं गाणं म्हणतात (चाल स्कॉटलंडची, शब्द जपानी), तेव्हा समोर उभं राहून हात हलवणारे वर्षानुवर्षं फुजियामाच होते.

एनएचकेचं नियमित टीव्ही प्रक्षेपण १ फेब्रुवारी १९५३ला सुरू झालं तेव्हा टीव्हीचं शुल्क भरणारी घरं होती ८६६. त्याच वर्षी 'कोहाकु' जानेवारीतून हलून ३१ डिसेंबरच्या रात्रीवर आला आणि तिथेच रुजला. नव्या वर्षाच्या सुट्टीत मोठी नाट्यगृहं मिळत नसत, एवढं साधं कारण त्यामागे होतं. पुढचं काम टीव्ही संचांनी केलं. एप्रिल १९५९मधल्या राजपुत्राच्या लग्नासाठी घरोघरी टीव्ही आले, मग १९६४च्या ऑलिम्पिकची चाहूल लागली. १९६३च्या त्या विक्रमी रात्री शेवटचं नेहमीचं निरोपाचं गाणंसुद्धा झालं नाही. येऊ घातलेल्या ऑलिम्पिकचं गाणं सगळ्यांनी म्हटलं. घरात एकच टीव्ही, देशासमोर एकच मोठी गोष्ट आणि ओळखीची गाणी. ८१.४ टक्के यातून आले.

मराठी वाचकाला यातलं एक नाव चांगलं ओळखीचं आहे. 'तोत्तोचान' लिहिणाऱ्या कुरोयानागी तेत्सुको. आपण त्यांना रेल्वेच्या डब्यात भरणाऱ्या शाळेतली मुलगी म्हणून ओळखतो, जपान त्यांना टीव्हीच्या पहिल्या पिढीची अभिनेत्री आणि निवेदिका म्हणून ओळखतो. १९५८ साली त्यांनी 'कोहाकु'च्या लाल संघाचं निवेदन केलं, १९८० ते १९८३ अशी सलग चार वर्षं पुन्हा केलं आणि २०१५मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, परत व्यासपीठावर आल्या. १९७८पासून 'द बेस्ट टेन' या साप्ताहिक गाण्यांच्या कार्यक्रमाच्या सूत्रधारही त्याच होत्या. हा दुसरा कार्यक्रम पुढे महत्त्वाचा ठरतो.

आता १९८४ची रात्र. मियाको हारुमी ही एन्का गाणारी गायिका. एन्का म्हणजे बंदर, पाऊस, विरह, गाव सोडून आलेला माणूस यांची, गळा थरथरवत म्हटलेली गाणी. छत्तीस वर्षांच्या मियाकोनं गाणं सोडायचं जाहीर केलं होतं. 'मला साधी बाई व्हायचंय' हे तिचं वाक्य वर्षभर लोकांच्या तोंडी होतं. 'कोहाकु'चं शेवटचं गाणं तिचं होतं. ते संपल्यावर सभागृह थांबेना. तिथे वन्स मोअरची पद्धत नाही. मिनिटामिनिटाचं वेळापत्रक असतं आणि पावणेबाराला देवळांच्या घंटांचं प्रक्षेपण सुरू व्हायचं असतं. पांढऱ्या संघाचे निवेदक सुझुकी केन्जी पुढे झाले आणि म्हणाले, 'मला एक मिनिट द्या.' मग रडणाऱ्या मियाकोला त्यांनी आणखी एका गाण्यासाठी विनवलं. वाद्यवृंद वाजू लागला, तिच्याच्यानं गाववेना, भोवतीचे गायक गाऊ लागले. देशातल्या बहुतेक घरांनी हे एकाच क्षणी पाहिलं. 'कोहाकु'नं तेवढी उंची पुन्हा गाठली नाही.

त्यानंतरच्या पाच वर्षांत जे घडलं ते एका झटक्यात घडलेलं नाही, पण सगळं एकाच दिशेनं होतं. १९७९मध्ये वॉकमन आला होता, १९८२मध्ये सीडी. गाणं बैठकीच्या खोलीतून निघून एकेकाच्या कानात गेलं. घरात दुसरा टीव्ही आला, व्हीसीआर आला. कॅराओकेच्या छोट्या खोल्या निघाल्या आणि तरुणांना आईवडिलांशिवाय गायची जागा मिळाली. प्रतिस्पर्धी वाहिन्यांनाही धीर आला: निप्पॉन टीव्हीनं १९८५पासून वर्षअखेरीला भव्य ऐतिहासिक मालिका लावायला सुरुवात केली, पहिलीच ४७ रोनिन सामुराईंच्या सूडाची. आजोबांना ३१ डिसेंबरला पाहण्यासारखं दुसरं काही मिळालं.

माझ्या मते खरा घाव मात्र साप्ताहिक कार्यक्रमांचा होता. 'द बेस्ट टेन'सारख्या कार्यक्रमांमुळे आज्जीला नातवाच्या आवडीचं गाणं माहीत असायचं आणि नातवाला आज्जीचं. आवडत नसलं तरी चाल कानावर असायची. वर्षभर ही मशागत व्हायची आणि ३१ डिसेंबरला त्याचं पीक निघायचं. 'द बेस्ट टेन' १९८९मध्ये बंद झाला. १९६८पासून चाललेला फुजी टीव्हीचा 'योरु नो हिट स्टुडिओ' १९९०मध्ये. मशागत थांबली, आणि 'कोहाकु' ही वर्षातली एकच रात्र उरली जिथे दोन पिढ्यांनी एकमेकांची गाणी पहिल्यांदा ऐकायची. अर्ध्या गाण्यांना अर्धं घर उठून जाऊ लागलं.

एनएचकेनं यावर जो उपाय केला तो मला आजही चुकीचा वाटतो. १९८९पर्यंत कार्यक्रम रात्री नऊला सुरू होऊन पावणेबाराला संपत असे. त्या वर्षी तो ७ वाजून २० मिनिटांवर आणून दोन भागांत तोडला. पहिल्या भागात नुकत्याच संपलेल्या शोवा, म्हणजे सम्राट हिरोहितोंच्या, काळाची जुनी गाणी, पुढे परदेशी पाहुणे. १९९० साली तर सिंडी लॉपरही आल्या. सगळ्यांना काहीतरी मिळावं हा हेतू चांगला होता. पण पावणेतीन तास दम धरून बसणारं घर साडेचार तास बसत नाही. शिवाय त्याच रात्री टीबीएस वाहिनीवर जपान रेकॉर्ड पुरस्कारांचा सोहळा असे. तो संपला की गायक गाड्यांत बसून एनएचके हॉलकडे धावायचे, आणि ती धावपळ हा सुद्धा लोकांच्या आवडीचा भाग होता. 'कोहाकु' लवकर सुरू झाल्यावर दोघांच्या वेळा आदळल्या आणि पुरस्कार सोहळा खंगत गेला. २००६पासून तो ३० डिसेंबरला होतो. त्या १९८९च्या 'कोहाकु'त मियाको हारुमी पुन्हा गायला उभी होती. गाणं सोडवेना म्हणून परतली होती. पाहणारी घरं पाच वर्षांपूर्वीच्या मानानं पुष्कळ कमी होती.

नव्वदच्या दशकात आकडे पन्नाशीच्या आसपास टिकून राहिले. कोबायाशी साचिको या गायिकेचे पोशाख दरवर्षी वाढत गेले, इतके की पोशाख आणि नेपथ्य यांतला फरक राहिला नाही. पंखांच्या आणि दिव्यांच्या डोंगराच्या माथ्यावर तिचा चेहरा तेवढा दिसायचा. गाण्यापेक्षा ती काय घालून येणार याची चर्चा व्हायची. मतमोजणीला पक्षिनिरीक्षक संघटनेचे सदस्य बोलवायची ऐंशीच्या दशकातली कल्पना मला यापेक्षा फार आवडते. सभागृहात वर झालेले लाल-पांढरे रंग ते पक्ष्यांचे थवे मोजावेत तसे मोजत.

नव्या शतकात धक्के बाहेरून आले. २००३च्या ३१ डिसेंबरला टीबीएसनं माजी योकोझुना (सुमोतला सर्वोच्च किताब) आकेबोनो आणि बॉब सॅप यांची किकबॉक्सिंगची लढत दाखवली, आणि रात्री अकराच्या ठोक्याला चार मिनिटं का होईना, एका लढतीनं 'कोहाकु'ला मागे टाकलं. पुढच्या वर्षी एनएचकेच्या गाण्यांच्या विभागातल्याच एका निर्मात्यानं पैसे लाटल्याचं उघड झालं, शुल्क न भरणाऱ्यांची संख्या वाढली आणि प्रेक्षकमान पहिल्यांदाच चाळिशीखाली, ३९.३वर गेलं. २००६पासून निप्पॉन टीव्हीचा 'हसाल तर फटका' धाटणीचा विनोदी कार्यक्रम त्या रात्री उभा राहिला आणि २०२०पर्यंत तरुण घरांतली रात्र त्यानंच घेतली.

जुनी माणसंही एकेक करून गेली. मिसोरा हिबारी १९६३ ते १९७२ अशी सलग दहा वर्षं लाल संघाचं शेवटचं गाणं गायली होती. भावाच्या गुन्हेगारी संबंधांवरून १९७३ साली तिला बोलावणं आलं नाही, आणि १९८९मध्ये ती वारली. किताजिमा साबुरोनं २०१३ला पन्नासाव्या वेळी गाऊन निरोप घेतला. इत्सुकी हिरोशी १९७१ ते २०२० सलग पन्नास वर्षं गायला, पुढच्या वर्षी यादीत नव्हता. एन्का आता यादीच्या कडेला आहे. तरुण प्रेक्षक आणायचे म्हणून ज्यांनी कार्यक्रम कधी सोडला नाही त्यांचीच गाणी कमी केली, हे मला पटत नाही.

लाल-पांढऱ्या वाटणीचाही अर्थ बदलत गेला. २००७ साली नाकामुरा आतारु ही पारलिंगी गायिका लाल संघातून गायली. २०२१पासून दोन्ही बाजूंचे कप्तान ही पदंच काढली, सगळे नुसते निवेदक झाले. त्याच वर्षी दुसऱ्या भागाचं प्रेक्षकमान ३४.३पर्यंत घसरलं. २०२३चा नीचांक त्याच्याही खालचा आणि तो वेगळ्या कारणाचा. तरुण गायकांचे गट घडवणाऱ्या एका बलाढ्य संस्थेच्या दिवंगत संस्थापकानं मुलांवर केलेले अत्याचार त्या वर्षी संस्थेनं कबूल केले आणि ४४ वर्षांत पहिल्यांदा तिथला एकही कलाकार 'कोहाकु'त नव्हता. कित्येक वर्षं तरुण प्रेक्षक आणायचं काम याच एका संस्थेवर सोपवलेलं होतं, हे त्यातून उघडं पडलं.

एक गोष्ट मात्र एनएचकेनं चांगली ओळखली. इंटरनेटवर वाढलेले गायक हॉलमध्ये यायला तयार नसतील तर कॅमेरा त्यांच्याकडे न्यायचा. २०१८ला योनेझु केन्शी आपल्या तोकुशिमा प्रांतातल्या एका कलासंग्रहालयात मेणबत्त्यांच्या उजेडात गायला. टीव्हीवर थेट गाण्याची ती त्याची पहिलीच वेळ. २०२०ला, प्रेक्षकांविना झालेल्या 'कोहाकु'त, 'योआसोबी' ही जोडी टोकियोजवळच्या तोकोरोझावामधल्या छतापर्यंतच्या पुस्तकांच्या भिंतींमध्ये उभी राहिली. त्या वर्षी प्रेक्षकमान ४०.३पर्यंत वर आलं. लोक महामारीमुळे घरात होते हे खरं, पण दुसऱ्या दिवशी बोलणं याच गाण्यांचं होतं.

२०२४मध्ये दुसऱ्या भागाचं प्रेक्षकमान ३२.७ टक्के होतं. दरम्यान, ऑक्टोबर २०२३पासून एनएचकेनं शुल्क दहा टक्क्यांनी कमी केलं आहे आणि त्याचा ताण कार्यक्रमांच्या खर्चावर येतो. ऑक्टोबर २०२५पासून इंटरनेटवरचं प्रसारणही कायद्यानं तिचं बंधनकारक काम झालं. त्यामुळे आता ३१ डिसेंबरला दोन मोजणी समोर येतात: घरातल्या टीव्हीची, आणि नंतर आठवडाभर फोनवर एकेकानं आपल्याला हवं तेवढंच गाणं पाहिल्याची. निर्माते यादी ठरवताना दुसऱ्या मोजणीकडे अधिक पाहू लागले आहेत. साडेचार तासांच्या कार्यक्रमाच्या वेळेला कात्री लावायची चर्चा मात्र अजून कुणी काढलेली दिसत नाही.