सीमापार अतिजलद लोहमार्ग : आर्थिक लाभ

दोन देशांची किंवा दोन वेगळ्या जकात-क्षेत्रांची हद्द ओलांडून जाणारा आणि ताशी २५० किमी. वा त्याहून अधिक वेगासाठी नव्याने बांधलेला लोहमार्ग. जुना मार्ग सुधारून तो ताशी सुमारे २०० किमी. वेगास योग्य केला असल्यास त्याचाही समावेश या संज्ञेत करण्याचा प्रघात आहे. टोकिओ–ओसाका हा जगातील पहिला अतिजलद मार्ग १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाला, तर पॅरिस–लियाँ मार्गाचा पहिला टप्पा १९८१ मध्ये खुला झाला. हे दोन्ही मार्ग देशांतर्गत होते. सीमापार मार्गांचे युग त्यानंतर सुमारे दहा-बारा वर्षांनी पश्चिम यूरोपात सुरू झाले.

प्रस्तुत नोंदीत ‘सीमा’ हा शब्द थोड्या व्यापक अर्थाने घेतला आहे. रेल्वेच्या दृष्टीने सीमा म्हणजे गाडीला सक्तीने थांबावे लागते ती जागा. मग ते थांबणे जकातीसाठी असो, पारपत्राच्या तपासणीसाठी असो, विजेचा दाब बदलतो म्हणून असो किंवा रुळांचे माप बदलते म्हणून असो. हा व्यापक अर्थ घेतला तर सांगली जिल्ह्यातील मिरज हे जंक्शन या विषयाच्या अभ्यासासाठी यूरोपातील कोणत्याही सरहद्द-स्थानकाइतकेच उपयुक्त ठरते.

लाभांचे स्वरूप : परिव्यय-लाभ विश्लेषणात अशा मार्गाच्या लाभांची मोजणी प्रवाशांच्या वाचलेल्या वेळेपासून सुरू होते. त्यात नव्याने प्रवास करू लागलेल्यांचे संतोषाधिक्य (दिलेल्या भाड्यापेक्षा त्यांना अधिक वाटणारे प्रवासाचे मोल), विमान व मोटार यांवरील टळलेला खर्च आणि जुन्या मार्गावर मालगाड्यांसाठी मोकळी झालेली जागा यांची भर पडते. यांखेरीज मोठ्या श्रमबाजारामुळे उत्पादकता वाढते, असे मानणारा ‘व्यापक लाभां’चा एक विचारप्रवाह आहे. तो आकर्षक असला, तरी त्यातील बराचसा लाभ वाचलेल्या वेळेच्या किमतीत आधीच आलेला असतो आणि तो पुन्हा धरल्यास दुहेरी मोजणी होते, हा आक्षेप अधिक ग्राह्य वाटतो.

सीमापार मार्गाचा विशेष लाभ म्हणून जो सांगितला जातो तो ‘सीमा-परिणामा’शी, म्हणजे केवळ मध्ये सीमा असल्याने व्यापारात होणाऱ्या घटीशी, निगडित आहे. कॅनडातील प्रांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील घटक राज्यांशी करतात त्याच्या सुमारे २२ पट व्यापार परस्परांशी करतात, असा निष्कर्ष अर्थशास्त्रज्ञ जॉन मॅकॅलम यांनी १९९५ मध्ये मांडला. अँडरसन व व्हॅन विन्कूप यांनी २००३ मध्ये ही पद्धती दुरुस्त केली आणि औद्योगिक देशांमधील व्यापार सीमेमुळे २० ते ५० टक्क्यांनी घटतो, असे दाखविले. हा दुसरा अंदाज अलीकडे अधिक मान्यता पावला आहे. मात्र या घटीतील बराच भाग चलन, कायदा व भाषा यांतील भेदांमुळे होतो, आणि तेथे गाडीच्या वेगाचा उपयोग होत नाही.

मापबदल व मिरज : दक्षिण मराठा रेल्वेचा पुणे–लोंढा मार्ग १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात टप्प्याटप्प्याने बांधला गेला आणि तो १८९० च्या सुमारास पूर्ण झाला, असे मानले जाते. हा मार्ग मीटरमापी, म्हणजे दोन रुळांमध्ये १,००० मिमी. अंतर असलेला होता. कोल्हापूर संस्थानाने मिरजेपासून काढलेला मार्ग (१८९१) त्याच मापाचा असल्याने संस्थानाची हद्द ओलांडताना डबे बदलावे लागत नसत. १९२७ च्या सुमारास बार्शी लाइट रेल्वेचा ७६२ मिमी. मापाचा फाटा पंढरपूरकडून मिरजेस पोहोचला आणि १९७१ च्या सुमारास पुण्याकडून १,६७६ मिमी. मापाचा रुंदमापी मार्ग आला. दक्षिणेकडील मार्ग विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत मीटरमापीच राहिला. त्यामुळे जवळजवळ पाव शतक मिरजेस तिन्ही मापे एकत्र नांदत होती.

या मापबदलाचा आर्थिक अर्थ फलाटावर उघड दिसे. बेळगाव-हुबळीकडून आलेले पोते मीटरमापीच्या डब्यातून हमालाच्या पाठीवर उतरे, फलाट ओलांडून रुंदमापीच्या डब्यात चढे आणि मगच पुण्या-मुंबईकडे निघे. पोत्यामागे हमाली, सांडलवंड, भिजण्याचा धोका आणि पुढचा डबा मिळेपर्यंतचा खोळंबा हा सारा खर्च मालाच्या किमतीत मिसळे आणि अखेरीस तो शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावातून वजा होई. गाडीचा वेग कितीही वाढविला तरी हा खर्च कमी होणारा नव्हता. तो रुळांचे माप एक झाल्यावरच संपला. सीमापार अतिजलद मार्गाविषयीच्या चर्चेत वेगाला जे महत्त्व मिळते त्याचा मोठा वाटा वास्तविक अखंडतेला मिळावयास हवा, हे मिरजेच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

अखंडतेचे काही लाभ कोणत्याही अंदाजपत्रकात आधी धरता येत नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळग्रस्त लातूरला मिरजेहून रेल्वेने कृष्णेचे पाणी पाठविण्यात आले. पहिल्या गाडीला १० टाकी-डबे होते आणि त्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी गेले. पुढे ५० डब्यांच्या गाड्या सोडण्यात आल्या. पंढरपूर, कुर्डुवाडी व बार्शीवरून जाणारा सुमारे ३४२ किमी.चा हा मार्ग पूर्वी बार्शी लाइट रेल्वेचा अरुंदमापी मार्ग होता. त्याचे रुंदीकरण त्याआधी काही वर्षे पूर्ण झाले नसते, तर एवढे जड डबे त्यावरून नेणे शक्यच नव्हते.

मुरगाव–कॅसलरॉक : एक जुना वाद. याच जाळ्यावर एक खरीखुरी आंतरराष्ट्रीय सरहद्दही होती. ब्रिटन व पोर्तुगाल यांच्यात १८७८ च्या अखेरीस झालेल्या तहानुसार गोवा व ब्रिटिश हिंदुस्थान यांचे जकात-क्षेत्र एक करण्यात आले, गोव्यातील मिठाची मक्तेदारी ब्रिटिशांकडे गेली आणि तिच्या बदल्यात वार्षिक ४ लाख रुपये देण्याचे ठरले. मुरगाव बंदर व तेथून घाट चढून कॅसलरॉकपर्यंत जाणारा मीटरमापी लोहमार्ग ही या तहाचीच फळे होत. हा मार्ग १८८७-८८ मध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झाला. तो बांधणाऱ्या ब्रिटिश कंपनीला भांडवलावरील व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने दिली होती. सरहद्दीपलीकडे लोंढ्यास तो दक्षिण मराठा रेल्वेच्या जाळ्याला जोडलेला होता.

या मार्गाने अपेक्षित उत्पन्न दिले नाही, याविषयी दुमत नाही. मतभेद आहे तो कारणांविषयी. तहाची मुदत जानेवारी १८९२ मध्ये संपली व त्याचे नूतनीकरण झाले नाही. जकातीची भिंत पुन्हा उभी राहिल्याने वाहतूक खुंटली, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार खरे कारण पुणे–लोंढा मार्ग हे होय. तो पूर्ण होताच धारवाड व बेळगाव भागांतील कापूस आणि धान्य यांना मिरज-साताऱ्यावरून मुंबईस जाण्याची वाट मिळाली आणि मुंबईसारख्या प्रस्थापित बाजारपेठेपुढे मुरगावचा निभाव लागणे कठीण होते. गोव्यातील मीठ-उत्पादकांचे झालेले नुकसान आणि त्यातून उद्भवलेला असंतोष हे तिसरे कारणही सांगितले जाते, परंतु ते तह न टिकण्याचे कारण आहे, वाहतूक न वाढण्याचे नव्हे. पहिली दोन कारणे परस्परविरोधी नाहीत. तथापि दोहोंच्या तारखा इतक्या जवळच्या आहेत की, प्रत्येकाचा वाटा वेगळा काढणे अवघड जाते. व्यापारी सहसा ओळखीच्या पेठेची वाट सोडत नाही, हे ध्यानात घेतल्यास दुसरे मत अधिक संभाव्य दिसते. १९५५ मध्ये भारत व पोर्तुगाल यांचे संबंध बिघडल्यावर सरहद्दीवरील रेल्वे वाहतूक बंद पडली. ती गोवामुक्तीनंतर (१९६१) पुन्हा सुरू झाली. सीमापार मार्गाचे उत्पन्न दोन सरकारांच्या संबंधांवर किती अवलंबून असते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण या भागात नाही.

यूरोपातील अनुभव : ब्रिटन व फ्रान्स यांना जोडणारा खाडीखालील बोगदा ६ मे १९९४ रोजी खुला झाला. त्याची लांबी सुमारे ५०·५ किमी. असून त्यांपैकी जवळजवळ ३८ किमी. भाग समुद्रतळाखाली आहे. बांधकामाचा खर्च अंदाजापेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी वाढला. बोगद्यातून जाणाऱ्या यूरोस्टार या थेट प्रवासी गाड्यांना पहिल्या पूर्ण वर्षी सुमारे १ कोटी ५९ लाख प्रवासी अपेक्षित असताना १९९५ मध्ये प्रत्यक्षात २९ लाखांच्या आसपास आले. लंडनपर्यंतचा अतिजलद मार्ग नोव्हेंबर २००७ मध्ये पूर्ण झाला. प्रवाशांची संख्या नंतर वाढत गेली आणि २०१९ मध्ये ती १ कोटी १० लाखांच्या वर पोहोचली, म्हणजे पाव शतकानंतरही मूळ अंदाज गाठला गेला नाही.

रिकार्ड आंगेरा यांनी २००६ मध्ये या बोगद्याचे उत्तर-मूल्यमापन (बांधून झाल्यानंतरचे मूल्यमापन) केले. बोगदा बांधला नसता तर ब्रिटनची अर्थव्यवस्था अधिक चांगल्या स्थितीत राहिली असती, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्याचा गाभा नीट समजून घेणे जरूर आहे. प्रवासी व माल पाठविणारे यांचा फायदा निश्चितच झाला, पण त्यातील मोठा भाग स्पर्धेमुळे भाडी उतरल्याने झाला. म्हणजे तो जहाज कंपन्या व बोगद्याचे भागधारक यांच्या खिशातून ग्राहकांच्या खिशात गेला. समाजाच्या एकूण संपत्तीत त्याने तेवढी भर पडली असे म्हणता येत नाही. लाभ कोणाला आणि कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न सोडून केवळ बेरीज मांडणाऱ्या अहवालांविषयी म्हणूनच सावध राहावे लागते.

पॅरिस–ब्रुसेल्स मार्गाचा अनुभव बराच अनुकूल आहे. तेथे १९९७ च्या अखेरीस प्रवासाचा वेळ दीड तासाच्या आत आला आणि २००१ मध्ये एअर फ्रान्स कंपनीने पॅरिसच्या मुख्य विमानतळावरून ब्रुसेल्सला जाणारी आपली उड्डाणे बंद करून त्याऐवजी प्रवाशांना रेल्वेचे आसन देण्यास सुरुवात केली. या मार्गावरील काही गाड्या चार वेगवेगळ्या वीजप्रणालींवर चालतील अशा बनविलेल्या आहेत. त्यामुळे फ्रान्स, बेल्जियम, नेदर्लंड्स व जर्मनी या देशांच्या हद्दी त्या इंजिन न बदलता ओलांडतात. अशी गाडी साध्या गाडीपेक्षा महाग पडते. अखंडतेची किंमत येथे रुळांऐवजी गाडीत मोजलेली आहे. उलट लंडनच्या स्थानकात फ्रेंच पोलिसांकडून पारपत्र तपासून घेण्यासाठी प्रवाशास गाडीच्या बऱ्याच आधी हजर राहावे लागते आणि ताशी ३०० किमी. वेगाने वाचलेल्या वेळेचा काही भाग रांगेतच खर्ची पडतो.

फ्रान्समधील पेर्पिन्यां व स्पेनमधील फिगेरास यांदरम्यानचा सुमारे ४४ किमी.चा मार्ग सर्वांत बोधप्रद म्हणावा लागेल. स्पेनचे पारंपरिक माप १,६६८ मिमी. असल्याने सरहद्दीवर मापबदल अटळ होता. नव्या मार्गासाठी १,४३५ मिमी.चे प्रमाण-माप स्वीकारून तो टाळण्यात आला. परंतु मार्ग २००९ मध्ये तयार झाला, तेव्हा स्पेनच्या बाजूचा पुढील जोड पूर्ण झालेला नव्हता. गाड्या २०१० च्या अखेरीस धावू लागल्या, पॅरिस–बार्सेलोना थेट सेवा डिसेंबर २०१३ मध्ये आली आणि तोवर मार्ग चालविणारी कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली दबली होती. पुढे तिचे दिवाळे वाजले. यूरोपीय लेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये दिलेल्या अहवालातही हेच दुखणे नोंदविले आहे : प्रत्येक देश आपापला तुकडा आपल्या सवडीने बांधतो आणि सांधे तसेच राहतात.

आशियातील प्रयत्न : कुआलालंपुर–सिंगापूर या सुमारे ३५० किमी. मार्गाचा करार डिसेंबर २०१६ मध्ये झाला. तो २०२० च्या अखेरीस संपुष्टात आला व मलेशियाने सिंगापूरला सुमारे १० कोटी २८ लाख सिंगापूर डॉलर भरपाई दिली. हाँगकाँगचा चीनशी जोडणारा सुमारे २६ किमी.चा मार्ग सप्टेंबर २०१८ पासून सुरू आहे. चीन–लाओस मार्ग (डिसेंबर २०२१) ताशी १६० किमी. वेगाचा असल्याने व्याख्येत बसत नाही.

मधली गावे : अतिजलद मार्गाचा लाभ टोकांच्या महानगरांना मिळतो की मधल्या गावांना, हा प्रश्न सातारा-सांगलीसारख्या प्रदेशाच्या जिव्हाळ्याचा आहे. जर्मनीतील कोलोन–फ्रँकफुर्ट मार्गावरील (२००२) मोंटाबाउर व लिम्बुर्ख या छोट्या गावांची भरभराट झाल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे. याउलट इंग्लंडमधील अ‍ॅशफर्ड येथे सरहद्द-तपासणीची सोय असलेले स्थानक १९९६ मध्ये उभारूनही २०२० पासून तेथे एकही आंतरराष्ट्रीय गाडी थांबलेली नाही. स्थानक असणे व गाडी थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी होत.

जुन्या लोहमार्गाने या भागात मधल्या गावांना काय दिले, याचे दाखले मात्र ठसठशीत आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये आपला कारखाना कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर हलविला, तेव्हा ती जमीन औंध संस्थानाच्या हद्दीत होती. कराड स्थानकालगत उभा राहिलेला ओगले बंधूंचा काचकारखानाही (१९१६) औंधच्याच हद्दीत होता. संस्थानिकाने दिलेली जागा आणि दारातून जाणारा, संस्थानाबाहेरच्या बाजाराला जोडणारा लोहमार्ग यांच्या संयोगातून हे उद्योग वाढले. त्या मार्गावर गाडी प्रत्येक छोट्या स्थानकावर थांबत असे, ही बाब अतिजलद मार्गाशी तुलना करताना विसरून चालणार नाही.

मालाच्या बाबतीतही भेद करावा लागतो. सांगलीजवळील हरिपूर येथे जमिनीखालच्या पेवांत हळद दीर्घकाळ साठविण्याची पद्धत होती. योग्य भाव येईपर्यंत थांबणाऱ्या या मालाला वेगाची गरज नसते. तासगावच्या द्राक्षांना ती असते. पण अतिजलद गाड्या मुख्यतः माणसे वाहतात. द्राक्षांना त्यांचा लाभ व्हावयाचा तर तो जुना मार्ग मोकळा होऊन मालगाड्या वेळेवर सुटू लागल्यानेच होईल.

भारतात सध्या बांधकामाधीन असलेला ५०८ किमी.चा मुंबई–अहमदाबाद मार्ग महाराष्ट्र, दादरा व नगर हवेली आणि गुजरात यांतून जातो. त्याच्या १२ स्थानकांपैकी ४ महाराष्ट्रात आहेत. सातारा व सांगली जिल्ह्यांतून जाणाऱ्या जुन्या मार्गावर सप्टेंबर २०२४ पासून पुणे–हुबळी व पुणे–कोल्हापूर या वंदे भारत गाड्या धावू लागल्या. त्यांतील पहिली महाराष्ट्र–कर्नाटक हद्द ओलांडते. या हद्दीवर ना जकात आहे, ना मापबदल. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९० च्या दशकात रुग्णालय सुरू केल्यापासून मिरज हे वैद्यकीय उपचारांचे केंद्र बनले असून बेळगाव व विजापूर भागांतील रुग्ण आजही ही हद्द ओलांडून गाडीने तेथे येतात.