क्रीडा पत्रकारितेची डिग्री: आधी माणसं कुठून यायची आणि कोर्स कुठून आले

भाचा बारावी झाला आणि जेवताना जाहीर करून मोकळा झाला, मला स्पोर्ट्स मीडिया करायचंय. आजीने विचारलं, म्हणजे मॅच बघायचे पैसे देतात का? त्याच्या बाबांनी विचारलं, असली डिग्री असते का? आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण घरात क्रीडा डेस्कवर नोकरी केलेला मी एकटाच. असते, म्हटलं. पण ती आली कुठून हे सांगायला लागलो आणि पोळ्या गार झाल्या, ताई वैतागली, म्हणून उरलेलं इथे.

आमच्या लाइनमध्ये शिकून आलेला माणूस दिसायला फार उशीर लागला. आधी सगळे बाहेरून आत पडलेले. इंग्लंडमध्ये नेव्हिल कार्डस म्हणून क्रिकेट लिखाणातलं फार मोठं नाव, तो मँचेस्टर गार्डियनमध्ये बातमीदार होता, १९१९ मध्ये आजारी पडला आणि वृत्तसंपादकाने हवापालट म्हणून त्याला ओल्ड ट्रॅफर्डला मॅच बघायला पाठवलं, बस, तिथून पुढे सगळं. आपल्याकडे बॉबी तल्यारखान. १९३४ मध्ये मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत, म्हणजे हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन अशा चार संघांच्या क्रिकेट स्पर्धेत, त्यांनी रेडिओवर कॉमेंट्री केली, आणि त्यांची ख्याती अशी की दिवसभर एकटेच बोलायचे, माइक दुसऱ्याला द्यायचा नाही म्हणजे नाही. त्यांना कोणी शिकवलं असणार? शिकवायला आधी कोणी नव्हतंच. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू, त्यांची मुलगी चंद्रा नायडू इंदूरला इंग्रजीच्या प्राध्यापिका, सत्तरच्या दशकात मैदानावर कॉमेंट्री करायला बसल्या आणि देशातल्या पहिल्या महिला क्रिकेट समालोचक म्हणून नाव झालं. म्हणजे विद्यापीठातून माणूस कॉमेंट्रीकडे गेला, कॉमेंट्री विद्यापीठात आली नाही.

मराठीतही हेच. बाळ ज. पंडित महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले, मग आकाशवाणीवर मराठी कॉमेंट्री. आज आपण यष्टिरक्षक, पायचीत, निर्धाव षटक असं सहज म्हणतो, पण हे शब्द लोकांच्या तोंडी बसले ते शाळेत शिकून नाही, रेडिओ ऐकून आणि पेपर वाचून. द्वारकानाथ संझगिरी तर मुंबई महापालिकेत इंजिनिअर, दिवसा पालिका आणि बाकी वेळ क्रिकेट. आणि वि. वि. करमरकर. १९६२ मध्ये महाराष्ट्र टाइम्स सुरू झाला तेव्हा खेळाची बाजू त्यांच्याकडे आली आणि मराठी दैनिकात खेळाला स्वतःचं हक्काचं पान असतं ही गोष्ट रुजवण्याचं श्रेय आजही त्यांनाच देतात. २०२३ मध्ये ते गेले तेव्हा आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना घरातलं माणूस गेल्यासारखं झालं, कारण कबड्डी-खो-खोला क्रिकेटच्या शेजारी मानाने बसवायचं हे त्यांच्याकडे बघून शिकलो होतो.

बरं, मग या काळात विद्यापीठं काय करत होती? पत्रकारिता शिकवायला लागलीच होती की. अमेरिकेत मिसुरीला १९०८ मध्ये पत्रकारितेचं स्कूल निघालं. आपल्याकडे अॅनी बेझंट यांनी अड्यारला १९२० च्या सुमारास प्रयत्न केला, तो फार टिकला नाही, मग १९४१ मध्ये लाहोरला पंजाब विद्यापीठात पी. पी. सिंग यांनी विभाग काढला आणि तो फाळणीनंतर दिल्लीला आला. नागपूरला हिस्लॉप कॉलेजमध्ये १९५२ मध्ये, पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ मध्ये. आता गंमत बघा. रानडे फर्ग्युसन रोडवर, तिथून डेक्कन जिमखाना चालत दहा-पंधरा मिनिटं, तो जिमखाना १९०६ चा आणि खो-खोचे नियम पहिल्यांदा नीट लिहून काढायचं काम १९१४ मध्ये तिथेच झालं. मैदान आणि वर्ग इतके जवळ. आणि तरी पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात, कुठलाही घ्या, खेळ म्हणजे 'विशेष पत्रकारिता' या धड्यातलं एक उपकलम, अर्थ, शेती, गुन्हेगारी, विज्ञान, क्रीडा, परीक्षेत पाच मार्कांची टीप लिहा.

याचं कारण विद्यापीठात नव्हतं, पेपरच्या ऑफिसात होतं. इंग्रजी पेपरवाले क्रीडा विभागाला खेळण्यांचा विभाग म्हणून हिणवायचे, आणि आपल्याकडे शब्द वेगळे असतील पण नजर तीच. राजकारण करणारा तो खरा पत्रकार, क्रीडा म्हणजे पीटीआय वृत्तसंस्थेची कॉपी घ्या, भाषांतर करा, पान सोडा आणि शेवटची लोकल पकडा. तसं बघायला गेलं तर पुलित्झरने न्यूयॉर्क वर्ल्डमध्ये खेळाचा स्वतंत्र विभाग १८८३ मध्येच काढला होता, म्हणजे खेळावर पेपर खपतो हे मालकांना पहिल्यापासून कळलेलं. पण खपतं ते वेगळं आणि शिकवण्यालायक वाटतं ते वेगळं.

माझा स्वतःचा कोर्स नव्वदच्या दशकाच्या शेवटचा. अख्ख्या वर्षात खेळावर एकच लेक्चर झालं, तेही एका जुन्या क्रीडा पत्रकाराला पाहुणे म्हणून बोलावलं होतं म्हणून. त्यांनी भाषण केलंच नाही. खिशातून एक चिठोरं काढलं, जिल्हा कबड्डीचा निकाल, मध्यंतर १४-९, शेवट २७-२५, आणि म्हणाले करा बातमी. आम्ही सगळ्यांनी लिहिलं, अमुक संघाने तमुक संघाचा २७-२५ असा दोन गुणांनी पराभव केला. त्यांनी एकेक कागद वाचला आणि बाजूला ठेवला. मग विचारलं, मध्यंतराला पाच गुणांनी पुढे असलेला संघ जिंकला की मागचा? लोण, म्हणजे अख्खा संघ बाद, कुणावर पडला, कितव्या मिनिटाला? शेवटची चढाई कुणाची होती आणि त्या वेळी समोर किती गडी होते? कुणाकडेच उत्तर नव्हतं, कारण ते चिठोऱ्यावर नव्हतंच. म्हणाले, तेच. जे चिठोऱ्यावर नाही ते आणायला जायचं असतं. एवढं बोलून चहा पिऊन गेले. आमचं क्रीडा पत्रकारितेचं शिक्षण संपलं.

पुढे इंटर्नशिपला एका दैनिकात रात्रपाळी लागली. तेव्हा निकाल फोनवर यायचे, गावोगावचे संयोजक रात्री दहानंतर फोन करायचे, मागे लाउडस्पीकर, मध्येच लाइन कट, आणि तिकडे डाक आवृत्तीचं, म्हणजे बाहेरगावी लवकर जाणाऱ्या अंकाचं, पान लागायला आलेलं. एका खो-खो फायनलचा निकाल मी उलटा ऐकला. हरलेल्या संघाला विजेता करून टाकलं, वर कंसात खेळाडूंच्या पळतीची मिनिटंही अगदी बरोबर, (२.१० मि. संरक्षण व ३ गुण) वगैरे, त्यामुळे कुणाला शंका येण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी जिंकलेल्या मुलींचे सर पेपरची घडी काखेत मारून ऑफिसला आले. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, मुलींनी घरी दाखवायला पेपर विकत घेतलाय हो, वीस प्रती. ते अजून विसरलो नाही.

असो, मुद्द्यावर येतो. खेळाचा अभ्यास विद्यापीठात शिरला तो पत्रकारितेच्या दारातून नाही, शारीरिक शिक्षणाच्या दारातून. त्या बाजूला मराठी माणसाने आधीच ढीगभर काम करून ठेवलं होतं. बडोद्याला दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले, तालमी, आखाडे, खेळ, आसनं, सगळं एका जागी. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, त्यांचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. मग देशभर बी.पी.एड., एम.पी.एड.ची कॉलेजं झाली आणि २०१४ मध्ये शिक्षक शिक्षण परिषदेने नियम नव्याने केल्यावर एम.पी.एड.ला क्रीडा पत्रकारिता आणि जनमाध्यमं असा आख्खा पेपरच आला. म्हणजे जिथे पीटीचे सर तयार होतात तिथे हा विषय पूर्ण पेपर, आणि जिथे पत्रकार तयार होतात तिथे पाच मार्कांची टीप. मला हे अजूनही गमतीशीर वाटतं, आणि थोडं बरंही वाटतं, कारण त्या मुलांना निदान लोण म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

दुसरं दार उघडलं ते पैशाने. आणि हे दार उघडेपर्यंत स्वतंत्र डिग्रीचा विचार कुणी केला नाही, हे स्पष्टच सांगतो. नव्वदच्या सुरुवातीपर्यंत परिस्थिती काय होती, तर मॅच दाखवायचे पैसे दूरदर्शनच क्रिकेट मंडळाकडे मागायचं, मॅचमागे पाच लाख. आज हे सांगितलं तर भाच्याला जोक वाटतो. मग १९९३ मध्ये मंडळाने परदेशी कंपनीला हक्क विकले, भांडण कोर्टात गेलं आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. पाठोपाठ चोवीस तास खेळाची चॅनलं आली. चोवीस तास म्हटल्यावर नुसते कॉमेंटेटर पुरत नाहीत, प्रोड्यूसर लागतो, एडिटर लागतो, आकडेवारीवाला, ग्राफिक्सवाला, बाउंड्रीला उभं राहून मुलाखत घेणारी मुलगी, रिसर्चवाला. २००८ मध्ये आयपीएल आली तेव्हा दहा वर्षांच्या हक्कांचा आकडा शंभर कोटी डॉलरच्या वर होता, आणि २०२२ च्या लिलावात पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. एवढा पैसा जिथे फिरतो तिथे कॉलेज निघणारच.

बाहेर हे आपल्या थोडं आधी झालं. अमेरिकेत पेन स्टेटमध्ये २००३ ला खास क्रीडा पत्रकारितेचं केंद्र निघालं, आणि इंग्लंडमध्ये तर २०११ मध्ये बर्नली क्लबच्या फुटबॉल स्टेडियममध्येच वर्ग भरवणारी संस्था उभी राहिली, नंतर ती वेम्बलीला पोचली. आपल्याकडे मुंबई विद्यापीठाचं बीएमएम, म्हणजे मास मीडियाची पदवी, २००० च्या सुमारास आलं, त्यातून मीडिया म्हणजे ग्रॅज्युएशनला शिकायची गोष्ट हे घराघरात पोचलं, मग २०१० नंतर पुण्या-मुंबईत खासगी संस्थांचे स्पोर्ट्स मॅनेजमेंटचे कोर्स, त्यात मीडियाचे पेपर. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने बालेवाडीच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचं विधेयक मंजूर केलं, त्या वेळी जे विषय सांगितले त्यात क्रीडा माध्यमं आणि संवाद हाही होता. बालेवाडीचं संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेलं, आम्ही तिथल्या पायऱ्यांवर बसून मांडीवर बातम्या लिहिल्यात, तिथेच त्याचा कोर्स काढायचं ठरलं म्हणजे काळाने सूडच घेतला म्हणायचा.

आता माझी तक्रार. दुसऱ्या दाराने आलेल्या कोर्सवर त्या दाराचा रंग लागलाय. माहितीपत्रक उघडा, पहिल्या पानावर स्टेडियमचे दिवे आणि हातात माइक. शिकवतात काय, तर प्रेझेंटेशन, कंटेंट, ब्रँड, फॅन एंगेजमेंट. वाईट नाही, नोकऱ्या तिथेच आहेत. पण क्रीडा संघटनेचा ताळेबंद कसा वाचायचा, निवड समितीच्या बैठकीचं इतिवृत्त कसं मिळवायचं, माहिती अधिकारात अर्ज कसा करायचा, जत्रेतल्या मैदानात नुरा, म्हणजे निकाल आधीच ठरवलेली, कुस्ती चाललीय हे कशावरून ओळखायचं, हे शिकवायला कुणाला वेळ नाही. १९२० मध्ये पळवणकर बंधू या दलित क्रिकेटपटूंनी कर्णधारपदाच्या जातीय निवडीवरून मुंबईच्या हिंदू संघातून अंग काढून घेतलं आणि आपलं म्हणणं जाहीरपणे पेपरात मांडलं, पुढे १९२३ ला विठ्ठल पळवणकर कर्णधार झालेच. शंभर वर्षांपूर्वी आपल्याच गावात घडलेली ही खरी क्रीडा पत्रकारितेची केस आहे, आणि माझ्याकडे दर वर्षी येणाऱ्या इंटर्न पोरांना विचारतो, एकालाही माहीत नसते. गोलंदाजाचा इकॉनॉमी रेट मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत पाठ.

भाच्याला मराठीतून काम मिळेल का ही भीती होती, तीही काढून टाकली. २०२३ ला आयपीएल मोबाइलवर बारा भाषांत होती, त्यात मराठी होती, आणि मराठी कॉमेंट्री करायला बसलेला केदार जाधव मे महिन्यात माइक ठेवून थेट बंगळुरूच्या संघात गेला, कुणीतरी जखमी झालं म्हणून. उलटा प्रवास आजवर खूप पाहिलाय, हा पहिल्यांदाच पाहिला.

फॉर्म त्याने भरलाय. तोवर रिकामा बसू नको म्हणून त्याला आमच्या वाडीतल्या कबड्डीला गुणलेखकाच्या टेबलावर बसवलं. तिसऱ्या मॅचला लोणचे दोन गुण लिहायचे विसरला आणि दोन्ही संघांचे कॅप्टन एकदमच टेबलावर आले. रात्री घरी येऊन म्हणतो, मामा, शेवटच्या चढाईला समोर तीनच गडी होते, मी मोजले.