अनाथ मुलाला उपचारासाठी परदेशी न्यायचंय? पासपोर्टच्या आधी पालक ठरवा

निपाणी, खानापूर, बेळगावकडे अशा प्रकरणात घरची माणसं पहिली धाव पासपोर्टकडे घेतात आणि तिथंच अडतात. मुलाच्या वतीनं सही करणार कोण? मामा किंवा आजी सांभाळते म्हणून ती कायद्यानं पालक ठरत नाही.

मूल नातेवाइकांकडे असेल तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा. मूल राहतं तिथं. मामा गडहिंग्लजचा आणि मूल निपाणीत, तर अर्ज बेळगाव जिल्ह्यातच. त्याच अर्जात परदेशी नेण्याची परवानगीही मागा. कलम २६ प्रमाणे न्यायालयानं नेमलेल्या पालकाला परवानगीशिवाय पाल्याला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेता येत नाही. नुसत्या पालकत्वाच्या आदेशावर तिकिटं काढू नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

सांभाळणारं कुणीच नसेल किंवा मूल बालगृहात असेल तर निर्णय बाल कल्याण समितीकडे, म्हणजे निराधार मुलांसाठीच्या जिल्ह्यातल्या सरकारी समितीकडे. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा. मूल १ ऑक्टोबर २०२३ च्या आधी जन्मलेलं असेल आणि जन्मदाखला नसेल, तर पासपोर्टसाठी बालगृहाच्या प्रमुखांचं लेटरहेडवरचं जन्मतारखेचं पत्र चालतं. ‘परदेशात दत्तकच देऊन टाका’ हा सल्ला मात्र ऐकू नका. त्याला ‘कारा’ या केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाचं ना हरकत प्रमाणपत्र आणि जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, वेळ जातो, आणि दत्तक कायमचं असतं.

आता कागद. जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला आणि आई-वडिलांचे मृत्यूदाखले. मृत्यूची नोंद मृत्यू झाला तिथं होते. वडील कोल्हापूर शहरातल्या दवाखान्यात वारले असतील तर दाखला कोल्हापूर महापालिकेतच मिळेल, बेळगावात खेपा घालून उपयोग नाही. सीमाभागातलं खरं दुखणं नावाचं. शाळेचा दाखला मराठी, जन्मदाखला कन्नड; एकावर पूर्ण आडनाव, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. ही दुरुस्ती पासपोर्टच्या अर्जाआधीच उरका आणि दोन्हींचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून ठेवा.

व्हिसासाठी इथल्या तज्ज्ञ डॉक्टरांचं पत्र आणि तिकडच्या रुग्णालयाचं पत्र घ्या. त्यात आजार, उपचाराचा काळ, खर्चाचा अंदाज आणि सोबत कोण येणार हे स्पष्ट हवं. बँकेतून वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. उपचाराचा खर्च त्याहून जास्त असेल तर डॉक्टरांचं किंवा रुग्णालयाचं अंदाजपत्रक जोडावं लागतं. पॅन कार्ड मुलाच्या नावावरही लागू शकतं, ते आधीच काढून ठेवा.