कुंडीच्या तळाशी गिट्टी टाकल्याने पाणी लवकर निघते का?

"कुंडीच्या तळाशी दोन इंच गिट्टी किंवा खापरांचे तुकडे टाका, पाणी साचत नाही" हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. पटण्यासारखा आहे, कारण गिट्टीतून पाणी सरसर जाते. पण ते आधी गिट्टीत उतरायला हवे. बारीक कणांची माती पाणी धरून ठेवते. खालच्या मोठ्या पोकळ्यांत ते सहजी सोडत नाही. म्हणून चिंब थर तळाऐवजी गिट्टीच्या वर, मुळांच्या आणखी दोन इंच जवळ बसतो. आपल्या काळ्या मातीत तर हे जास्तच. मोगरा पिवळा पडतो, मुळे सडतात.

पाहायचे असेल तर दोन पारदर्शक बाटल्यांची तोंडे कापा, बुडाला सारखी भोके पाडा. एकीत नुसती माती, दुसरीत दोन इंच गिट्टी आणि वर माती. भरपूर पाणी घाला, तासाभराने बघा: दुसरीत गिट्टी मोकळी, तिच्या लगत वरची माती मात्र गच्च ओली.

बदलायची ती माती: काळी माती, जाड रेती आणि कुजलेले शेणखत सम भागात. भोकावर खापराचा एकच तुकडा पालथा ठेवा, तोही माती वाहू नये म्हणून. रंगाच्या जुन्या डब्यात झाड लावत असाल तर बुडाला चार-पाच भोके आधी पाडा.